गुप्तदानाची खोली

मे महिना लागला की आमच्या शाळेत टेबलं ओढल्याचे आवाज सुरू होतात. एरवी जिथे मुलं बास्केटबॉल खेळतात त्या हॉलमध्ये केअरटेकर एकेकटी टेबलं मांडतो, दोन टेबलांमध्ये हात लांब करून अंतर बघतो, आणि भिंतीवरचं घड्याळ कोणी बघत नसताना आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून घेतो. बाहेर चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे असतात. गवत कापायचं यंत्र वर्षभर कुठे दडी मारून बसलेलं असतं कोण जाणे, पण पेपर सुरू झाला की ते नेमकं खिडकीखालून जातं. मग त्या हिरव्या वासानं निम्मी मुलं शिंकायला लागतात. हे-फीवर, म्हणजे गवताच्या परागानं होणारी ती सर्दी, आणि परीक्षा या दोन गोष्टी या देशात एकाच मोसमात का ठेवल्या आहेत, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मी या शाळेत शिकले नाही आणि शिकवतही नाही. मी तिथे परीक्षेच्या दिवसांत पहारा करते. इकडे त्याला इन्व्हिजिलेटर असा भारदस्त शब्द आहे. माझा नवरा श्रीकांत मला वॉचमन म्हणतो. तो लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर आहे, म्हणजे तो माणसांना झोपवण्याचा पगार घेतो आणि मी मुलं झोपू नयेत म्हणून घेते. माझी नेमणूक मोठ्या हॉलमध्ये नसते. मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे, तिथे जास्त वेळ लागणारी मुलं बसतात. कोणाला अक्षरं नाचताना दिसतात, कोणी नुकतंच दुसऱ्या देशातून आलेलं असतं आणि नुसता प्रश्न वाचण्यातच त्याचा अर्धा जीव जातो. या खोलीला मोठी खिडकी आहे, खिडकीबाहेर रूबार्बचा एक वाफा आहे आणि दारावर पितळी पाटी आहे. त्या पाटीवर आमच्या केळकरकाकांचं नाव आहे. ते तिथे लागू नये म्हणून त्यांनी जेवढी धडपड केली, तेवढी लोक नाव लागावं म्हणूनही करत नाहीत.

दरवर्षी पहिल्या पेपरला, मुलांच्या माना खाली गेल्या आणि पेनांची कुरकुर सुरू झाली, की मला तो एक वसंत आठवतो. शतक नुकतंच उलटलं होतं. आमची मुलगी मुग्धा, जी आता युनिव्हर्सिटीत आहे, तेव्हा तेरा वर्षांची होती.

आमच्या ओळखीतल्या डॉक्टरांची मुलं एकजात फी भरायच्या शाळांमध्ये जायची. पट्ट्यापट्ट्यांचा टाय, पाठीवर हॉकी स्टिक, आणि आयांच्या तोंडी सदा फी किती वाढली याची तक्रार, जी खरं म्हणजे तक्रार नसायचीच. मुग्धा मात्र रस्त्याच्या टोकाच्या सरकारी शाळेत जात होती. तिची जिवलग मैत्रीण तिथे जाणार होती, एवढंच कारण. वर्षभर बघू, मग हलवू, असं आम्ही ठरवलं होतं. वर्ष झालं आणि मुग्धा तिथे रुजून बसली. रोपटं रुजलं की कुंडी कितीही फुटकी असो, उपटायचं धाडस होत नाही.

आणि कुंडी चांगलीच फुटकी होती. निम्मे वर्ग मैदानातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये भरायचे. पाऊस आला की व्हरांड्यात बादल्या यायच्या, आणि लेस्टरचा पाऊस काही कार्यक्रम ठरवून येत नाही, त्यामुळे बादल्या कायमच्याच. प्रयोगशाळेतले गॅसचे नळ बंद करून ठेवलेले. विज्ञानाच्या शिक्षकाचं नाव मुलं पाठ करेपर्यंत दुसरा शिक्षक आलेला असायचा. पण रोज सकाळी फाटकापाशी हेडटीचर मिसेस हॉलोवे स्वतः उभ्या असायच्या, हातात चहाचा मग, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या नावानं हाक मारायच्या. सोमाली, गुजराती, पोलिश, सगळी नावं. मुग्धाच्या नावातला ‘ग्ध’ हॉस्पिटलमधल्या भल्याभल्यांना आजतागायत जमलेला नाही. या बाईंनी तो पहिल्या आठवड्यात घोटून पाठ केला. त्या दिवसापासून त्यांच्या शंभर बादल्या मी माफ केल्या होत्या.

त्या वसंतात मिसेस हॉलोवेंनी पालकांना बोलावलं. पत्रा बदलला, रंग मारला, असं तुकड्यातुकड्यानं आता चालायचं नाही, म्हणाल्या. शाळा सगळीच्या सगळी बदलायला हवी: प्रयोगशाळा, टिकून राहणारे शिक्षक, आणि मागे पडणाऱ्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर उघडी राहणारी एक खोली, सगळं एकदम. एक केलं आणि दुसरं राहिलं तर पहिलंही वाया जातं. याला सरकार भरपूर पैसा द्यायला तयार होतं. पण अट अशी, की आधी शाळेनं लोकांच्या खिशातून ठरलेली रक्कम उभी करायची, शाळेमागे माणसं आहेत हे दाखवायचं, मग सरकार आपला हात सैल सोडणार. आणि सगळं जून उजाडायच्या आत.

ही अट मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. रस्त्याला खड्डा पडला तर आपण वर्गणी काढत नाही. मग मुलांच्या प्रयोगशाळेसाठी का काढायची? ज्या शाळेच्या आसपास मोठमोठ्या कंपन्या, तिला एका दुपारच्या जेवणावर पैसे मिळतात. आमच्या शाळेच्या आसपास होते बंद पडलेले होजियरीचे कारखाने, एक चिप्सचं दुकान आणि एक लाँड्री. ज्याला गरज जास्त त्यानंच जास्त दारं ठोठवायची, हा कुठला न्याय? पण न्यायाची वाट बघत बसलं तर मुग्धाची शाळा संपून गेली असती.

कारण घरी श्रीकांतनं आपली अट घातली होती. फी भरायच्या शाळेचं चकचकीत माहितीपत्रक त्यानं फ्रिजवर आणून ठेवलं. सरकारचा पैसा मिळाला तर मुग्धा इथेच राहील. नाही मिळाला तर सप्टेंबरपासून तिकडे. त्याचं चुकत होतं असंही नाही. मुलीला फिजिक्स आवडत होतं आणि तिच्या शाळेत गॅसचा नळ उघडत नव्हता. मुग्धा त्या माहितीपत्रकाकडे न बघता फ्रिज उघडायची, हेही मी बघत होते. एकदा जेवताना ती म्हणाली, “आई, मी त्या शाळेत जाऊ शकते. आय नो आय कॅन. पण मग माझा शाळेचं काय? सगळे जाऊ शकणारे गेले तर इट जस्ट गेट्स वर्स, नाही का?” तिचं मराठी असंच, लिंग-वचनाला फाटा देऊन चालणारं. श्रीकांत वरणभात कालवत राहिला. मग त्यानं लोणचं मागितलं.

आता इंग्रज माणसाला पैसे मागणं या गोष्टीची फार लाज. तो थेट कधी मागत नाही, आधी केक भाजतो. पालकांनी केक विकले, रॅफलची तिकिटं काढली, एका बापानं पायजमा घालून शहरभर चालून दाखवलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचे सगळे प्रकार झाले आणि पुरेसं ताक काही मिळेना. एका संध्याकाळी शाळेचा हिशोब बघणारी पॉलिन मला म्हणाली की असंच चाललं तर या गतीनं आपली प्रयोगशाळा मुग्धाच्या नातवंडांना मिळेल. मी घरी आले, कपाट उघडलं आणि आमच्या मराठी मंडळाचं गणपतीचं जुनं पावतीपुस्तक काढलं.

भीड भिकेची बहीण, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं. वर्गणी मागायची एक रीत असते. दोघींनी जायचं, जेवणाच्या वेळेच्या जरा आधी जायचं, बसा म्हटल्याशिवाय बसायचं आणि चहा आल्याशिवाय उठायचं नाही. आकडा आपण सांगायचा नाही. आदल्या घराची पावती मात्र उघडी ठेवायची. मी पॉलिनला बरोबर घेतलं. बेलग्रेव्ह रोडवरच्या साड्यांच्या दुकानांत आम्ही गेलो, मिठाईवाल्यांकडे गेलो, दागिनेवाल्यांकडे गेलो. तळलेल्या गाठ्यांचा वास, काचेआड झगमगणारी जर, आणि आमच्या पॉलिनच्या हातात कागदी बशीतलं जिलबीचं वेटोळं, जे कुठून तोडायचं हे तिला कळत नव्हतं. बहुतेकांची मुलं किंवा नातवंडं याच शाळेत होती. लोक देत होते. एक्कावन्न, एकशे एक. पॉलिननं दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराला फोन करून विचारलं, तुम्हाला पन्नासच लिहायचे होते का? तिला वाटलं माणसाची चूक झाली. मग मी तिला सांगितलं की आम्ही शून्यावर थांबत नाही, वरचा एक पुढे चालू राहावं म्हणून असतो. तिला ते इतकं आवडलं की तिनं स्वतःचा चेक फाडला तो अकरा पौंडांचा.

आमच्या मराठी डॉक्टरमंडळींकडे मात्र घोडं अडलं. ज्यांची मुलं तिथे नाहीत, त्यांनी का द्यावं? आणि सगळ्यात मोठ्यानं नकार दिला तो केळकरकाकांनी. काका म्हणजे आमच्या मंडळातले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, काकू गेल्यापासून एकटे राहणारे. त्यांचीही मुलं फी भरून शिकलेली. मंडळाच्या सभेत आरतीनंतर मी विषय काढला तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले, “अनघा, मी इन्कम टॅक्स भरतो, कौन्सिल टॅक्स भरतो, दुकानात गेलो की व्हॅट भरतो. दॅट्स माय वर्गणी. सरकारनं ती वापरावी.” लोक हसले, प्रसादाच्या बश्या पुढे सरकल्या आणि विषय तिथेच संपला. म्हणणं तर माझंच होतं. फक्त ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं होतं.

नंतर थोड्या दिवसांनी काका दारात उभे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रूबार्बचे लालसर देठ. काका बागेत रूबार्ब लावायचे आणि काकूंनी बसवलेल्या पद्धतीनं तो अंबाडीच्या भाजीसारखा शिजवायचे, तांदळाच्या कण्या आणि लसणीची फोडणी घालून. आंबट म्हणजे काय ते इथल्या लोकांना कळलेलं नाही, ते त्यात साखर घालतात, असं त्यांचं मत होतं. मी पिशवी घेतली. काका म्हणाले, खालचं पाकीट शाळेचं आहे, कुणाला सांगायचं नाही, श्रीकांतलाही नाही. आणि चहाही न घेता गेले. पाकिटात बँकेचा ड्राफ्ट होता. आकडा लिहीत नाही, काकांना आवडायचं नाही. एवढंच सांगते की तोवर आम्ही सगळ्यांनी मिळून जे गोळा केलं होतं, त्याच्या जवळपास तो होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि बराच वेळ मला रूबार्बचा वास येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत अशी गेले, जशी निवडणूक जिंकलेली बाई जाते. ड्राफ्ट पॉलिनच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, आमच्यात याला गुप्तदान म्हणतात. देणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही, हे सगळ्यात मोठं दान. पॉलिन उठून मला मिठी मारायला आली आणि अर्ध्यातच थांबली. तिनं मिसेस हॉलोवेंना बोलावलं. दोघींनी सरकारचे नियम पुन्हा वाचले. नाव नसलेला पैसा शाळेला घेता येत होता, पण अटीच्या रकमेत तो धरता येत नव्हता. प्रत्येक देणगीमागे माणूस दाखवायचा होता. खरा, नाव असलेला, सही करणारा माणूस. आमच्या देशात ज्यानं दानाची किंमत वाढते, त्याच गोष्टीनं इथे ती शून्य झाली होती. आणि मे महिना निम्मा संपला होता.

मिसेस हॉलोवे मला एकही शब्द लागेल असं बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ज्यांनी हे दिलंय त्यांना तुम्ही ओळखता का? मी हो म्हटलं. आणि मग शब्द दिलाय, असंही म्हटलं. त्या खिडकीतून बघत राहिल्या. खिडकीबाहेर मोठी मुलं हातात वह्या घेऊन गवतावर पालथी पडून घोकत होती, एक मुलगी दुसरीला प्रश्न विचारत होती, आणि त्यांच्यापैकी कोणालाच त्या खोलीतलं काही ठाऊक नव्हतं.

मी दुपारी काकांकडे गेले. ते बागेत गुडघ्यांवर बसून तण काढत होते. मी नियम सांगितला. त्यांनी मान वर न करता म्हटलं, मग ड्राफ्ट परत घेऊन ये. मी परत जायला वळलेही. पण मग राग आला, आणि माझा राग मला नेहमी उपयोगी पडला आहे. मी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. बसा म्हटल्याशिवाय बसायचं, हे तंत्र नव्हे, माझा स्वभावच आहे.

मग तण काढता काढता काका बोलायला लागले. ते राजापूरचे. वडील गेले तेव्हा ते पाचवीत. शाळा सोडायची ठरलीच होती, तेवढ्यात हेडमास्तरांनी खोलीत बोलावून सांगितलं, केळकर, तुझी फी आली. कोणी भरली ते सांगायचं नाही असं ठरलंय. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच, मॅट्रिकपर्यंत. घरी आईला विचारलं तर ती देवाकडे बोट दाखवायची.

“मग मी काय करायचो ठाऊक आहे?” काका म्हणाले. “बाजारातून जाताना सगळ्यांना नमस्कार करायचो. कापडवाल्याला, वकिलांना, पोस्टमास्तरांना, सगळ्यांना. कोण असेल काय सांगावं.”

राजापुरात फार नम्र मुलगा म्हणून त्यांचं नाव झालं होतं म्हणे. हे सांगताना ते हसले. पण मग खुरपं बाजूला ठेवून त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. कोणी दिलं हे न कळल्यामुळे आपण सगळ्या गावाचे देणेकरी झालो, म्हणाले, आणि ते बरंच झालं. टॅक्स तरी दुसरं काय असतं? कोणाच्या घामानं कोणाची फी भरली, कोणाला कळतं? म्हणून तर कोणाला कोणाचं मिंधं व्हावं लागत नाही. एका माणसाचं नाव लावलं की मूल त्याचं उपकृत होतं. ही सरकारं नावं का मागतात?

मला त्यांचं म्हणणं पटत होतं, अगदी शब्दन्‌शब्द पटत होतं. आणि तरी प्रश्न उरतच होता. मुग्धाचा नव्हे, मुग्धाला दुसरी शाळा होती. त्या गवतावर पालथ्या पडलेल्या मुलांना नव्हती. मी म्हटलं, “काका, तुम्ही सगळ्या बाजाराला नमस्कार केलात. पण ज्याला करायचा होता, त्याच्यापर्यंत तो पोचला का?”

काकांनी एक तण उपटलं आणि त्याची माती झटकत राहिले. “डॉक्टर झाल्यावर पहिल्यांदा गावी गेलो,” ते म्हणाले, “तेव्हा आधी हेडमास्तरांकडे गेलो होतो. आता तरी सांगा म्हणायला. ते आदल्या वर्षीच गेले होते.”

शेजारच्या बागेत कोणीतरी गवत कापत होतं. तो वास आला आणि काका शिंकले, मग मीही शिंकले. निघताना त्यांनी मला पुन्हा रूबार्ब दिला. नाव देणार की नाही हे ते बोलले नाहीत आणि ते विचारण्याची हिंमत मला झाली नाही, हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. काका पूर्वी आपल्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, जायचे तो सूट घालून, टाय बांधून उभे होते. म्हणाले, “चल. कुठे सही करायची?” मुग्धा दप्तर घेऊन शाळेला निघालीच होती. आम्ही तिघं चालत गेलो. फाटकापाशी मिसेस हॉलोवे मग घेऊन उभ्या होत्या. मुग्धानं ओळख करून दिली, “दीज आर केळकरकाका,” असं आदरार्थी बहुवचनात, कारण मराठीतला आदर तिनं इंग्रजीत जसाच्या तसा नेला. मिसेस हॉलोवेंनी हात पुढे केला. काकांनी हात मिळवला नाही. दोन्ही हात जोडले आणि वाकून नमस्कार केला. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. राजापूरच्या बाजारातला तो मुलगा मी त्या फाटकापाशी स्पष्ट पाहिला.

काकांनी सही केली, पण एक अट घातली: पैसा मागे पडणाऱ्या मुलांच्या खोलीसाठी, आणि नाव कागदावर, भिंतीवर नाही. मिसेस हॉलोवेंनी मान हलवली. इंग्रज माणसाची हललेली मान म्हणजे होकार असतोच असं नाही, हे काकांना इतकी वर्षं राहूनही कळलेलं नव्हतं.

मग वाट बघणं. परीक्षांचे दिवस संपले, चेस्टनटचे तुरे गळून पायवाटांवर पांढरा चुरा झाला, एल्डरच्या झुडपांना फुलं आली. फ्रिजवरचं माहितीपत्रक तसंच. आणि एका दुपारी मुग्धा धावत घरी आली, बूट न काढता थेट स्वयंपाकघरात, आणि तिला नीट बोलताच येईना. मिसेस हॉलोवेंनी सगळ्या शाळेला मैदानात उभं करून सांगितलं होतं, मिळाले. मला आठवतं, मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसले. आनंद वगैरे नंतर आला. आधी नुसतं सुटल्यासारखं वाटलं, जसं दिवसभर घट्ट बांधलेली साडी सोडल्यावर वाटतं. श्रीकांत संध्याकाळी आला, त्यानं ऐकलं, फ्रिजवरचं माहितीपत्रक काढलं, घडी घातली आणि फ्रिजच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. फ्रिज त्या दिवसापासून हललेला नाही. तो त्याचा जाहीर माफीनामा होता आणि मी तो मंजूर केला.

शाळा एका रात्रीत बदलली नाही. वर्षभर मैदानात चिखल आणि पिवळी यंत्रं होती. काही शिक्षक तरीही गेले. पैशानं सगळं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण पैसा नसला की काय काय होत नाही, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. बादल्या गेल्या. गॅसचे नळ उघडले. विज्ञानाला आलेली एक बाई टिकली, ती अजून आहे. मुग्धा आता बर्मिंगहॅमला फिजिक्स शिकते आणि तिथल्या मुलामुलींना आपली सरकारी शाळा अशी काही ऐकवते, जणू तिथे बादल्या चांदीच्या होत्या.

खोली तयार झाली तेव्हा दारावर पाटी होतीच. काका संतापले. मिसेस हॉलोवे शांतपणे म्हणाल्या, मुलांना हाक मारायला नाव लागतं, डॉक्टर, मी रोज सकाळी तेच करते. काकांनी पाटी दोनदा वाचली. “आय सपोज, अक्षरं तरी नीट कोरली आहेत,” म्हणाले. नंतर खिडकीबाहेरची मोकळी माती बघून त्यांनी विचारलं, इथे काही लावणार आहात का? पुढच्या आठवड्यात ते घरून रूबार्बचे गड्डे घेऊन आले.

आता काका साउथहॅम्प्टनला मुलीकडे असतात. इकडे येणं जमत नाही. पण पहिल्या पेपरच्या दिवशी दुपारी मी त्यांना फोन करते, तो आमचा नेम झाला आहे. त्यांचे प्रश्न ठरलेले: उजेड पुरेसा होता का, रूबार्ब कसा आहे, कोणी उपाशी आलं होतं का.

या वर्षी पेपर सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. मी खोलीत टेबलांवर नावांची कार्डं ठेवत होते. बाहेर व्हरांड्यात धावणारी पावलं आली. एक मुलगी, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, हातात पारदर्शक पिशवीत पेनं, इंग्रजी नवंकोरं. तिच्या परीक्षेच्या कागदावर खोलीचं नाव होतं, पण दारावरची पाटी तिला दिसलीच नव्हती. धापा टाकत मला म्हणाली, “मिस, प्लीज, व्हेअर इज केल्कर?”

दुपारी फोनवर मी काकांना हे सांगितलं. काका हळूच म्हणाले, “मग? तू काय सांगितलंस तिला?”

“सांगितलं,” मी म्हटलं, “इथेच आहेत, आत ये. अजून भरपूर वेळ आहे.”